आगारी कोणी टाकायची

मी, हिलाल पितांबर बोरसे, वय बावीस, राहणार मौजे उंबरथडी, तालुका भडगाव, जिल्हा जळगाव, सध्या मुक्काम पंचभूत पलटण, आग तुकडी, धुळे छावणी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. कोणी दटावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. डोके ठिकाणावर आहे. दारू प्यायलेलो नाही. आग तुकडीत दारू पिता येत नाही, पोटातच पेटते. प्रकृतीबद्दल छावणीच्या डॉक्टरांनी ‘चढाईस योग्य’ असा शेरा दिला आहे, तो त्यांचा. माझे मत वेगळे आहे आणि ते पुढे येईल.

बावीस वर्षांच्या माणसाला मृत्युपत्राची एवढी काय घाई, असे वकीलसाहेबांनी विचारले. घाई अशी की उद्या सकाळी आमचे ट्रक वरच्या ठाण्याकडे निघतात. ते ठाणे बर्फात आहे. गेल्या वर्षी तिथून आलो तेव्हापासून माझी बोटे नीट गरम होत नाहीत. आगवाल्याची बोटे गार पडणे म्हणजे काय, हे आम्हा आगवाल्यांना कळते, डॉक्टरांना कळत नाही. मी परत येईन असे मला वाटत नाही. हे वाचून कोणी गळा काढू नये, आधी शेवटपर्यंत वाचावे.

एक सूचना. या कागदांवर जागोजागी तपकिरी डाग दिसतील. ते माझ्या अंगठ्याचे आहेत. लिहिता लिहिता राग आला की कागद करपतो. त्याला खाडाखोड समजू नये आणि त्यावरून कोणी कोर्टात वाद घालू नये. मागच्या वर्षी हे लिहायला बसलो असतो तर कागद पेटलाच असता. आता नुसते डाग पडतात.

कलम १. घर. उंबरथडीत गिरणा नदीच्या अंगाला दोन खोल्यांचे माझे घर आहे. ते मला भिकुकाकूने, म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, थोरले भाऊ वनातात्या यांच्या बायकोने, जिवंतपणी नावावर करून दिले. त्यांना मूलबाळ नव्हते. तात्या गेल्यावर काकूची चूल रोज सकाळी मी पेटवायचो, काडीपेटीशिवाय, म्हणून घर माझे, असा तिचा हिशेब. हे घर मी माझी माय झुंबरबाई हिला देतो. एकटीला. कच्च्या खर्ड्यात वकीलसाहेबांनी ‘आई-वडिलांस’ असे लिहिले होते, त्यातले वडील मी काढायला लावले. आबांना तिथे राहता येईल, पण मायची मर्जी असेपर्यंत. तिची मर्जी कायमच असते, हेच तर दुखणे आहे. तरी निदान एकदा त्यांना तिला विचारावे लागेल. आजवर त्यांनी तिला मिठाचा डबा कुठे आहे, एवढेच विचारलेले आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते आणि माझ्यामागे पलटण जे देईल ते, सगळे माझी धाकटी बहीण सुंदर हिच्या शिक्षणाला. ती पाचोऱ्याला बारावीत शिकते आणि आमच्या पुनामामाकडे राहते. मामाची स्टेशनाजवळ पिठाची गिरणी आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मामांनी करावी. मामा कमी बोलतात, आणि गिरणी बंद ठेवून कोणाच्या पारावर पत्ते कुटायला जात नाहीत, ही त्यांची लायकी मला पुरेशी आहे.

सुंदरला मास्तरीण व्हायचे असेल तर मास्तरीण होऊ द्यावी, नर्स व्हायचे असेल तर नर्स. लग्नासाठी यातले काही काढू नये. आबा म्हणतील, मुलीचे लग्न हेही शिक्षणच. मामांनी ऐकू नये.

कलम ३. जिनसा. सायकल सुंदरला. ट्रान्झिस्टर मामांना, गिरणीच्या आवाजात ऐकू येत असेल तर. वनातात्यांचे लोखंडी उलथने, ज्याने ते भरताची वांगी उलटायचे, ते मायला. माझ्या सगळ्या गोधड्या जळगावच्या छगनच्या वडिलांना द्याव्या. छगन कोण ते खाली येईल.

आबांचे पत्त्यातले जोडीदार झुलालभाऊ यांना माझ्या पेटीतला पत्त्यांचा नवा जोड द्यावा. त्यातला बदाम एक्का मी आधीच जाळून टाकलेला असेल. त्यांना कारण माहीत आहे.

माझा दोस्त दिवल्या पावरा, पाणी तुकडी, गाव सातपुड्याच्या पायथ्याचे, याला मी काही देत नाही. वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदाराला देणगी दिली की भानगड होते. मी त्याला विचारले, साक्षीदार होतोस की माझे बूट घेतोस? तो म्हणाला, ‘तुझे बूट दोन नंबर लहान आहेत, साक्षीदार होतो.’ त्याच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते बुटात मावणारे नव्हतेच.

कलम ४. पलटण. गणवेश, पट्टा, बिल्ला, सगळे परत करावे. पावती घ्यावी, नाहीतर मेल्यावरही कापून घेतील.

इथे थोडे जास्त लिहितो, कारण घरी मी कधी लिहिले नाही. आमच्या पलटणीत चार तुकड्या आहेत: माती, पाणी, वारा आणि आग. पाचवे भूत आकाश, ते साहेबांकडे असावे, कारण ते खाली येत नाहीत. भरती झालो तेव्हा वाटले होते, हातातून ज्वाळा सोडू, शत्रूची रांगच्या रांग पळवून लावू. वरच्या ठाण्यावर शत्रू दिसतच नाही. बर्फ दिसतो. माझे काम तंबूच्या मधोमध बसायचे. जवान भोवती बसून माझ्या पाठीला हात शेकतात. बंदूक गोठली, हिलाल. पाण्याचा हंडा गोठला, हिलाल, हात घाल. सुभेदारसाहेबांच्या दाढीचे पाणी, हिलाल. वायरलेसवरून सांगतात, ‘सिगडी भेजो.’ सिगडी म्हणजे मी. पाच वर्षांत मी एकही लढाई लढलो नाही. मी लढवय्या नाही, सरकारी सिगडी आहे.

आणि सिगडीला कोळसा लागतो. तो कोणी विचारत नाही. तात्यांची आग तात्यांच्या अंगात तीस वर्षे राहिली, कारण त्यांनी ती वांग्याच्या भरतापुरती आणि पावसाळ्यात शेजारपाजारच्या चुली पेटवण्यापुरती वापरली. आम्ही ती रात्रंदिवस वापरतो, आणि आमच्यात जाळायला आम्हीच असतो. जाऊ नकोस, असे कोणी म्हणेल. मी गेलो नाही तर त्या तंबूतले जवान आखडून मरतील. त्यांचा काही दोष नाही. तेही कोणाचे तरी हिलाल आहेत. मला चीड त्यांची नाही.

कलम ५. आग. याच कलमासाठी बाकीचे सगळे लिहिले आहे.

वकीलसाहेब म्हणाले, ‘आग लिहून देता येणार नाही. मिळकत दोन प्रकारची, स्थावर आणि जंगम. ही कुठली?’

मी म्हणालो, ‘माझ्याबरोबर हिंडते म्हणजे जंगम.’

‘मग समोरच्याला ताबा कसा देणार?’

मी त्यांच्या चहाच्या कपाला बोट लावले. गार झालेला चहा उकळायला लागला. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘तरीसुद्धा मिळकत होत नाही.’

साहेब घाटावरचे. त्यांना आगारी माहीत नव्हती, म्हणून त्यांना सांगितले तेच इथे लिहितो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खान्देशात गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. मग चुलीतला निखारा बाहेर काढून त्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकतात, ज्याचे त्याचे नाव घेऊन. ही आगारी. सगळ्यांच्या घरी एवढेच असते. आमच्यासारख्या घरात त्यापुढे आणखी एक असते. आगवाला मेला की त्याच्या नावाची पहिली आगारी ज्याच्या हातून पडते, त्याच्या अंगात ती आग जाते. टाकणारा तिशीच्या आतला पाहिजे. तिशी उलटली की आग त्या हाडांत धरत नाही.

आमच्या घरातली आग वनातात्यांकडे होती. त्यांच्यामागे ती आबांना मिळायची, हे आबांच्या लहानपणीच ठरलेले. आबा त्या आशेवर मोठे झाले. शेतात, बाजारात, लग्नात, कुठेही असले तरी ‘आज ना उद्या आगवाला’ अशी त्यांची चाल. तात्या वारले त्या वर्षी आबा एकोणतीस वर्षांचे होते आणि मी सात. म्हणजे ती एकच आखाजी त्यांच्या हाती होती.

आखाजीला आमच्याकडे पत्ते खेळणे हा दोष मानत नाहीत, तो सणच आहे. सकाळपासून आबा झुलालभाऊंबरोबर निंबाखाली बसले होते आणि जिंकत होते. जन्मात पहिल्यांदा जिंकत होते, हेही खरे. मायचा स्वयंपाक झाला, घागर भरली, निखारा काढला. तिने मला निंबाखाली पाठवले. ‘आबा, माय बलावस.’ आबांनी पाहिलेसुद्धा नाही. झुलालभाऊ हसले: ‘जाय रे भो, एकच डाव राह्यना. आते उठाडसू तुना बापले.’ आबांच्या हातात बदाम एक्का होता, तो मी पाहिला. मी परत गेलो, मायने पुन्हा पाठवले. पुन्हा तेच.

निखाऱ्यावर राख चढायला लागली. पितर ताटकळले तर पाप. बाईने आगारी टाकायची नाही, असा आमच्याकडे नेम, आणि नेम मोडायची मायची छाती नव्हती. तिने माझे मनगट धरले आणि म्हणाली, ‘टाक रे हिलाल. निखारा विझी जाई. तुना बाप काही येत नही.’ मी घास टाकला आणि वनातात्यांचे नाव घेतले. ज्वाळ उठली ती खाली बसली नाही, माझ्या तळहातावर येऊन बसली.

आबा आले तेव्हा हसत होते. खिसा फुगलेला. मी चुलीपुढे तळहात धरून बसलेलो. त्यांनी मारले नाही. मारले असते तर त्या दिवशीच संपले असते. ‘मनी व्हती ती,’ माझी होती ती, एवढेच म्हणाले. त्यानंतर दहा वर्षे, माझ्या ताटात भाकरी पडली तरी आणि शाळेत नंबर आला तरी, एकच वाक्य: ‘तू लई लिधी.’ म्हणजे तू घेऊन टाकलीस, चोरी केल्यासारखी. मी सात वर्षांचा होतो आणि मला साधे भरीत आवडायचे, मला आग नको होती. सतरा वर्षांचा झालो तेव्हा वय वाढवून लावून त्यांनी मला धुळ्याला छावणीत आणून उभे केले. साहेबांनी विचारले, पोराची इच्छा आहे का? आबा म्हणाले, ‘आहे.’ इच्छा कोणाची, ते साहेबांनी विचारले नाही.

कलम ६. रद्द. यात मी लिहिले होते की माझी आगारी मी सांगेन त्याच माणसाने टाकावी, नाहीतर घर मायकडून काढून गावच्या भजनी मंडळाला द्यावे. आबांचे आणि भजनी मंडळाचे पटत नाही, म्हणून मला ते फार गोड वाटले होते. वकीलसाहेब म्हणाले, ‘चूक वडिलांची, आणि बेघर आई. असा न्याय करता का?’ शिवाय त्यांचे म्हणणे, कोणी कोणाचे नाव घेऊन निखाऱ्यावर काय टाकावे, हे कोर्ट ठरवू शकत नाही. म्हणजे कायद्याने मला हात देता येत नाही. छप्पर लिहून देता येते, सायकल लिहून देता येते, आणि ज्या एका गोष्टीने माझ्या बहिणीचा जीव जाईल ती मात्र लिहून अडवता येत नाही. या ओळीवर मोठा डाग पडला आहे, तो तसाच असू द्यावा.

कलम ७. म्हणून आता हे कोर्टाला नाही, सुंदरला लिहितो. मामांनी हे तिला समोर बसवून वाचून दाखवावे.

सुंदर, मागच्या महिन्यात मी रजेवर आलो तेव्हा आपण शेतात भरीत केले. कपाशीच्या काड्या ओल्या होत्या, पेटत नव्हत्या. मी हात लावला तरी लवकर पेटल्या नाहीत, ते तू पाहिलेस. आबांनीही पाहिले. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, ‘याले काही व्हयनं तं आगारी सुंदर टाकी. घरनी आग घरमाच राह्यनी पाह्यजे.’ मी समोर बसून भाकरी मोडत होतो. माय उठून विहिरीकडे गेली.

मला वाटले तू चिडशील. तू म्हणालीस, ‘मले बी पाह्यजे.’ मी नाही म्हणालो तर, मी सगळा मुलूख हिंडून आलो म्हणून, माझ्यावरच उलटलीस: ‘तुले काय जास सांगाले? तू बठ्ठा मुलूख हिंडी उना. मी काय जलमभर भाकरीच थापू?’ तुझे म्हणणे खोटे नाही. उंबरथडीच्या मुलीला घराबाहेर काढणारी एकच गोष्ट तुला दिसली आणि ती माझ्या अंगात आहे. मी पत्रात नेहमी लिहायचो, मजेत आहे, डोंगर फार सुंदर आहेत. तू त्यावर विश्वास ठेवलास, त्यात तुझी काय चूक?

तर आता छगनचे ऐक. छगन माझ्या तुकडीतला, जळगावचा, माझ्याहून एका वर्षाने मोठा. माझ्याआधी ठाण्यावर सिगडी तोच होता. गेल्या चैत्रात त्याला घरी पाठवले. मी भेटायला गेलो. जळगावचे ऊन तुला माहीत आहे, रस्त्याचे डांबर चपलेला चिकटत होते. त्यांच्या घरावर पत्रे. आत पाऊल टाकवत नव्हते. आणि त्या खोलीत छगन चार गोधड्यांखाली पडून थडथड उडत होता. दात वाजत होते. त्याची आई पायाशी शेगडी घेऊन बसली होती, घामाने भिजलेली. तो मला म्हणाला, ‘हिलाल, पंखा बंद कर.’ पंखा नव्हताच त्या खोलीत. तो तसाच गारठून गेला, उन्हाळ्यात, स्वतःच्या घरात. आगवाला असा मरतो, सुंदर. जळून नाही.

तू म्हणालीस, मी पलटणीत जाणार नाही, तात्यांसारखी घरीच वापरीन. तात्यांच्या वेळी नोंदणी नव्हती. आता ज्याच्या अंगात भूत असेल त्याचे नाव छावणीत नोंदवावेच लागते, आणि पलटण आता मुलीही घेते. तू नोंदवणार नाहीस, मान्य. आबा नोंदवतील. निखारा गार व्हायच्या आत धुळ्याची एस.टी. पकडतील. मग तू जगभर हिंडशील असे तुला वाटते. तंबूच्या मधोमध बसशील, बाई.

मी तुला अडवू शकत नाही. तू चोरून उठून, सगळ्यांच्या आधी माझे नाव घेऊन घास टाकलास तर झाले, माझे एवढे लिहिणे वाया. म्हणून हात जोडतो. मला शिव्या घाल, भाऊ मेला आणि आपली वस्तू घेऊन मेला असे म्हण, आबा मला जे म्हणाले तेच तू म्हण, चालेल. पण त्या दिवशी हात मागे ठेव. सायकल घे, पैसे घे, पाचोऱ्याहून पुढे जळगावला जा, तिथून पुढे जा. हिंडायला आग लागत नाही. तुला ती लागते असे वाटले, कारण आपल्या घरात दुसऱ्या कशाला कधी कोणी मान दिला नाही.

कलम ८. आबा. तुम्हाला मी काय देऊ? तुमची वस्तू माझ्याकडे आहे, असे तुम्ही पंधरा वर्षे म्हणत आलात. घ्या म्हणालो तरी आता तुमच्यात धरायची नाही.

मला तुमचा राग आहे. तुम्हाला मी माफ करत नाही. मरताना सगळे माफ करायचे असते असे म्हणतात, मला जमत नाही. पण एक सांगतो. निंबाखालचा तुमचा चेहरा मला आठवतो. जिंकताना तुम्ही फार चांगले दिसत होतात. मी तुम्हाला पुन्हा तसे कधी पाहिले नाही. त्या दिवशी तुमचे एवढेच चुकले की तुम्ही एक डाव जास्त खेळलात, आणि त्याची भरपाई तुम्ही माझ्याकडून करून घेतलीत. आता सुंदरकडून करू नका. मी छगनचे तुम्हाला सांगितले होते, तुम्ही म्हणालात, ‘त्याले वापराले जमनी नसनार.’ आबा, मलाही जमली नाही. कोणालाच जमत नाही.

आणि एक विचारतो. तेव्हा बाईचा हात आगारीला चालत नव्हता, म्हणून मायने माझे मनगट धरले. आता पलटण मुली घेते म्हटल्यावर मुलीचा हात तुम्हाला चालायला लागला. नेम तुम्हीच मोडलात. मग पुढे जे लिहितो त्याला तुम्हाला हरकत घेता येणार नाही.

कलम ९. माझी आगारी माझी माय झुंबरबाई हिने टाकावी. पहिली, आणि तिच्याच हाताने. दुसऱ्या कोणाचे मनगट धरून नाही.

माय, लोक म्हणतील बाई आगारी टाकते, पितर बाटले. बाटणार तो पितर मी आहे आणि मला चालते. तू त्रेचाळीस वर्षांची आहेस, आग तुझ्यात धरणार नाही. ती विझेल. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. छगनच्या आखाजीला मी जळगावला गेलो होतो. त्याचे चुलतभाऊ, मामेभाऊ सगळे आशेने बसले होते. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी सगळ्यांना ओसरीवर काढले, आणि स्वतः घास टाकला. ज्वाळ उठली, निळी झाली आणि बसली. त्या घरातून आग गेली. एकही पोर त्यानंतर नोंदवले गेले नाही.

नंतर ते माझ्याशी बोलले, ते मी अजून कोणाला सांगितलेले नाही. तुला सांगतो, कारण तू एकटी असशील आणि घाबरशील. घास पडला की आग आधी टाकणाऱ्याच्या हाताकडे येते. जागा शोधते. बोटांपासून कोपरापर्यंत ऊब चढते. भाजत नाही. छगनचे वडील म्हणाले, तो लहान असताना दंडावर डोके ठेवून झोपायचा, तशी. थोडा वेळच राहते. मग तिला कळते की इथे राहता येत नाही.

माय, ती ऊब आली की हात झटकू नकोस. आबा ओरडले तरी मागे पाहू नकोस. तो मी असेन. पलटणीतल्या कितीतरी जणांनी माझ्यावर हात शेकले, पण तुझ्या हातांना माझी ऊब कधी लागली नाही. मला हात लावायला तू भीत होतीस, तुझ्यामुळे झाले असे तुला वाटायचे म्हणून. तुझ्यामुळे काही झाले नाही. एवढा वेळ मला धरून ठेव. आणि मग हात गार पडायला लागला की पडू दे.

येथवर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करायला सवड मिळेल असे नाही. सही त्यांच्यासमोर करतो आहे.

स्थळ: धुळे
तारीख: ११ जानेवारी १९९२

(सही) हिलाल पितांबर बोरसे

साक्षीदार

१. दिवल्या पावरा, पाणी तुकडी. सही माझ्यासमोर झाली. कागदावर शेवटच्या पानाला जे ओले लागले आहे ते माझ्याकडून, मी पाणीवाला आहे. (सही)

२. कुंदाबाई, छावणीच्या फाटकाजवळची खानावळवाली. वाचता येत नाही, सगळे ऐकले. आखाजीला मी स्वतः उंबरथडीला जाईन आणि झुंबरबाईच्या दाराशी बसेन, कोणाला आधी आत जाऊ देणार नाही, हे लिहून घ्यायला लावले. (डाव्या हाताचा अंगठा)